गावोगाव फिरणाऱ्या सुवार्तिकाचा दिवस कसा जातो, आणि त्याचं घर कसं चालतं?

विचारणारे भाऊ तिशीच्या आतले आहेत. पुण्यात खासगी कंपनीत नोकरी आहे, लग्न झालंय, मुलगी लहान आहे. बायबल कॉलेजचा पत्रद्वारे अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला आहे. आता नोकरी सोडून मूळ गावी, अहिल्यानगर जिल्ह्यात परतायचं आणि आसपासच्या गावांत फिरून वचन सांगायचं, असं त्यांच्या मनात आहे. त्यांचे प्रश्न तीन आहेत. अशा माणसाचा रोजचा दिवस कसा असतो? पैसे कुठून येतात? आणि पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाने बोलावणं, स्पष्ट आहे पण पत्नी तयार नाही, तर राजीनामा आत्ताच द्यावा का?

जय ख्रिस्त, भाऊ. शेवगाव, पाथर्डी, नेवासा या पट्ट्यात मी आयुष्याचा मोठा काळ हेच काम केलं. आधी एसटीने, मग मोटारसायकलवर. म्हणून सविस्तर लिहितो. तुमचे तीन प्रश्न मला एकच वाटतात. तुम्हाला विचारायचंय ते हे की, चार गावांतल्या लोकांना ज्याचा भरवसा वाटावा असा माणूस होता होता स्वतःच्या घराला आपला भरवसा उरेल का? उरतो. पण आपोआप उरत नाही, त्याची व्यवस्था लावावी लागते. आणि ती लावायची तर हे काम काय आहे ते आधी नीट समजून घ्यावं लागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सुवार्तिक म्हणजे बोलणारा माणूस. माझा अनुभव असा की या कामात बोलणं थोडं आणि परत जाणं जास्त. ज्या घरी एकदा गेलात त्या घरी सांगितलेल्या दिवशी पुन्हा जाणं, हेच या सेवेचं मूळ आहे.

तुमचं पुढचं आयुष्य कसं असेल हे तुम्ही कोणत्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, छत्राखाली काम करणार यावर बरंच अवलंबून आहे. सीएनआयसारख्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत नेमणूक, बदली, वरिष्ठांना अहवाल अशी रीत असते. मेथॉडिस्टांमध्ये नेमणुका वार्षिक सभेत, कॉन्फरन्समध्ये, वाचून दाखवतात. मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मीत, नवरा-बायको सहसा दोघंही अधिकारी म्हणून एकत्र सेवेत येतात, त्यामुळे तुमच्यासारखा पेच तिथे दारातच सोडवावा लागतो. कॅथलिक गावांत फिरतं काम पुष्कळदा कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारे सेवक, करतात. आणि स्वतंत्र सुवार्तिक असाल तर वर विचारणारं कोणी नसतं. तेच सगळ्यात सुखाचं वाटतं आणि तेच सगळ्यात धोक्याचं. माझा आग्रह आहे की कोणत्या ना कोणत्या मंडळीला, निदान तीन वडीलधाऱ्या माणसांना, उत्तर देण्याची बांधिलकी घेतल्याशिवाय रस्त्याला लागू नका.

आता दिवस. तो पहाटे सुरू होतो, आणि पहाटेचा पहिला तास तुमचा स्वतःचा असतो. त्या वेळी शास्त्र उघडाल ते संध्याकाळच्या संदेशासाठी, म्हणजे प्रवचनासाठी, उघडू नका. हे मी तरुणांना पुन्हा पुन्हा सांगतो. सतत दुसऱ्यांना देण्यासाठी वाचत राहिलं की माणूस हळूहळू आतून कोरडा पडतो आणि त्याला ते लवकर कळतही नाही. मी सकाळी एक स्तोत्र आणि शुभवर्तमानाचा एक उतारा वाचतो. कोणाला काय सांगायचं याचा विचार तिथे येऊ देत नाही.

माणसं भेटायची वेळ म्हणजे सकाळी सहा ते नऊ. धारा काढून झालेल्या असतात, दूध डेअरीवर जायचं असतं, चूल पेटलेली असते. ओट्यावर बसून चहा घेता घेता दहा मिनिटांत जे बोलणं होतं ते रविवारच्या उपासनेनंतर तासभर थांबूनही होत नाही. दहानंतर गाव रिकामं होतं. सगळे शेतात, मुलं शाळेत. ती वेळ म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची. दिवसभर एकट्या पडलेल्या आजीपाशी बसून तिला दिसत नाही तो अध्याय वाचून दाखवायचा, तिच्या मुलाची तक्रार ऐकायची आणि ती तक्रार मुलापर्यंत न्यायची नाही.

दुपारचा मोठा भाग कागदांत जातो, याची मनाची तयारी ठेवा. श्रावणबाळ योजनेचा अर्ज, संजय गांधी निराधार योजनेची त्रुटी, रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव, बँकेत केवायसी. ‘मी वचन सांगायला आलो, अर्ज भरायला नाही’ असं म्हणणारे सुवार्तिक मी पाहिले, आणि ते या भागात टिकलेले पाहिले नाहीत. आपल्या जिल्ह्यात जुन्या मिशनच्या काळातला खेड्यातला मास्तर शाळाही घ्यायचा, पत्रंही लिहून द्यायचा आणि रविवारी उपासनाही चालवायचा. लोकांच्या मनात सेवकाचं ते चित्र अजून आहे आणि ते योग्य आहे. एक मर्यादा मात्र पाळा. अर्ज कोणाचाही भरून द्या. तो भरताना धर्माचा विषय काढू नका. अडलेल्या माणसाला आपल्या मदतीचं ओझं वाटेल अशा क्षणी सुवार्ता सांगणं हे सुवार्तेवरच अन्यायाचं आहे.

संध्याकाळी घरसभा. ढोलकी, झांज, एखादी पेटी. वेळ ‘साडेसात’ सांगायची आणि नऊ गृहीत धरायचे. इथे गावाचं वेळापत्रक पाठ लागतं. शेतीपंपाची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची असेल तर पुरुष पाणी द्यायला जाणार, सभेला फक्त बायका आणि मुलं. आठवडे बाजाराच्या दिवशी सभा ठेवू नये. गावात सप्ताह किंवा जत्रा असेल तेव्हाही ठेवू नये, कारण तो शेजाऱ्यांचा सण आहे आणि आपल्या नाताळात शांतता असावी असं आपल्याला वाटतं तसं त्यांनाही वाटतं. माझ्या वहीत प्रत्येक गावापुढे बाजाराचा वार, लाईटची पाळी आणि मुक्कामाची एसटी किती वाजता येते हे लिहिलेलं असतं. संदेशाची टिपणं त्यानंतर.

वर्षाचं चक्र तर आणखी मोठं शिक्षण देतं. पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीला कुटुंबंच्या कुटुंबं निघून जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तिला हंगाम संपेपर्यंत परतता येत नाही. मंडळीचे बाक रिकामे होतात आणि उरतात म्हातारी माणसं व काही शाळकरी मुलं. नव्या सेवकाला वाटतं, काम थंडावलं. काम थंडावत नाही, काम कारखान्यावर गेलेलं असतं. तेव्हा सेवकानेही तिथे जावं. उसाच्या पाचटाच्या कोप्या, पहाटे तीन-चारला फडात निघणारी माणसं, ट्रॅक्टर भरायला रात्री-अपरात्री येणारी हाक. तिथे सभेची वेळ नसते. एखाद्या दुपारी खाडा असेल तर कोपीपुढे बसून दोन गाणी, एक छोटी प्रार्थना, आणि गावाकडे ठेवलेल्या लेकराची खबर. ‘तुमचा पोरगा शाळेत जातोय, मी परवा बघून आलोय’ या एका वाक्यासाठी आईच्या डोळ्यांत जे येतं त्यापुढे मला माझा कोणताही संदेश मोठा वाटत नाही. नाताळात शक्य असेल तर एक दिवस कोपीवर घालवा. गावातला नाताळ तुमच्यावाचून साजरा होतो, तिथला राहून जातो.

मग उन्हाळा, परतलेली माणसं, एप्रिल-मे महिन्यांतली लग्नं. जूनमध्ये पेरण्या, तेव्हा भेटी कमी करायच्या. सुगीनंतर हंगामाच्या उपासनेत लोक पहिलं पीक वेदीपुढे आणतात, बाजरी, भुईमूग, एखादा कोंबडा, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. वर्षभर मंडळीत न दिसलेला माणूस त्या दिवशी दिसतो. त्याला ‘बऱ्याच दिवसांनी?’ असं कधीही विचारू नका.

संदेशाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. खेड्यात वीस मिनिटं पुष्कळ होतात. दिवसभर वाकून काम केलेलं शरीर पंचविसाव्या मिनिटाला झोपी जातं आणि त्यात त्याचा दोष नाही. फिरत्या माणसाला एक मोह असतो. एकच संदेश आठ गावांत चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो चांगला बसतो, पुढे तो तोंडपाठ होतो आणि त्यातून तुम्ही स्वतः निघून जाता. म्हणून कुठे काय सांगितलं याची नोंद ठेवा आणि तोंडपाठ झालेला संदेश वर्षभर बाजूला ठेवा. गाणं मात्र जुनंच गा. आपल्याकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, कृष्णराव सांगळे यांचं नाव जुनी माणसं अजून घेतात. नारायण वामन टिळकांची गीतं अक्षर न येणाऱ्या आजीलाही पाठ असतात. अभंगाच्या चालीवर सगळी खोली गाऊ लागली की निम्मं काम झालेलं असतं. हल्ली परभाषेतून आलेली, कीबोर्डवरची गाणी तरुणांना आवडतात. ती जरूर घ्या, पण आजीचं गाणं वगळून नको.

आता एक नाजूक भाग, आजाऱ्यांसाठी प्रार्थना. लोक सर्वांत जास्त यासाठीच बोलावतील, ख्रिस्ती नसलेलेही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करावी असं सांगितलंय आणि मी ती मनापासून करतो. देव बरं करतो असा माझा विश्वास आहे. पण ‘औषध बंद करा’ हे शब्द सेवकाच्या तोंडून कोणत्याही परिस्थितीत निघता कामा नयेत. साध्या क्षयरोगाच्या गोळ्यासुद्धा किमान सहा महिने घ्याव्या लागतात. दुसऱ्या महिन्यात बरं वाटू लागतं आणि नेमकं तेव्हाच माणसं गोळ्या सोडतात. त्या वेळी सेवकाने घरी जाऊन गोळ्यांचं पाकीट बघावं, हीसुद्धा प्रार्थनाच आहे. साप किंवा विंचू चावला असेल तर प्रार्थना दवाखान्याच्या वाटेवर करायची. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. बरं झालेल्याची साक्ष मोबाईलवर चित्रित करून पसरवू नका. त्याचा आजार ही त्याची खासगी गोष्ट आहे, तुमच्या सेवेची जाहिरात नव्हे.

राहणं आणि जेवण याबाबत लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने सत्तर जणांना पाठवताना जे सांगितलं ते आजही जसंच्या तसं लागू पडतं. दोघं दोघं जा. एका घरी राहा, वाढतील ते खा, घरं बदलत फिरू नका. यातलं प्रत्येक वाक्य मला अनुभवाने पटलेलं आहे. दोघं असलं की प्रवासात सोबत होते, पैशाला साक्षीदार होतो आणि बोट दाखवायला जागा राहत नाही. एकटी बाई घरी असेल तर ओट्यावर उभं राहूनच बोलावं, लहान मुलांना कधी एकट्याने सोबत नेऊ नये. एका घरी राहण्याचं कारणही व्यवहाराचं आहे. गरीब घरी पहिल्या रात्री भाकरी-ठेचा मिळाला आणि दुसऱ्या दिवशी बागायतदाराने मटणाला बोलावलं म्हणून मुक्काम हलवला, तर त्या गरीब घराचं दार तुमच्यासाठी कायमचं बंद होतं. ते काही बोलणार नाहीत, पण गाव बोलेल.

ख्रिस्ती मंडळीला फिरत्या उपदेशकांची ही अडचण फार लवकर आली होती. ‘दिदाखे’ नावाचं अगदी सुरुवातीच्या काळातलं एक लिखाण आहे. त्याचं हस्तलिखित १८७३ मध्ये सापडलं आणि १८८३ मध्ये छापून आलं. त्यात नियम दिलाय की गावात आलेल्या प्रेषिताने एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकर न्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आणि कोणाला गावातच स्थायिक व्हायचं असेल आणि हातात कसब असेल, तर त्याने काम करून खावं. इतका कडक नियम करावा लागला यावरूनच लक्षात येतं की तेव्हाही लोकांना काय काय भोगावं लागलं असेल.

पैशांकडे येतो. पगाराचा ठरावीक आकडा तुम्हाला कोणीच प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. मोठ्या मंडळीच्या पगारपत्रकावर असाल तर थोडं पण नियमित मिळतं, आणि तेही कधी दोन-तीन महिने लांबतं. स्वतंत्र असाल तर अर्पण, दशमांश (लोक देतात तो उत्पन्नाचा दहावा भाग), ओळखीच्या चार कुटुंबांचा महिन्याचा हातभार आणि धान्य. पायलीभर ज्वारी, शेंगा, दूध हे खूप मिळतं. त्याने पोट भरतं, पण शाळेची फी आणि पेट्रोल त्यातून निघत नाही. पौलाने करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू बनवायचं काम केलं, हे तुम्ही वाचलंच आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो म्हणतो की सुवार्तेवर उपजीविका करण्याचा हक्क आहे, आणि लगेच पुढे म्हणतो की मी तो वापरला नाही. दोन्ही बाजू त्यानेच मांडल्यात. नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनचं पगारी काम सोडलं. तेव्हा त्यांच्यामागे मोठं नाव होतं, आयुष्यभराची सेवा होती आणि मुलं मोठी झालेली होती. त्यांचं उदाहरण देऊन तिशीच्या आतल्या, लहान मुलगी असलेल्या माणसाने राजीनामा देऊ नये.

काही गोष्टी मी नियम म्हणून सांगतो. पहिल्यांदा ज्या घरी गेलात तिथून पैसे घ्यायचे नाहीत, त्यांनी हातात कोंबले तरी नाही. सभेतलं अर्पण तुम्ही मोजायचं नाही, गावातल्या दोघांनी मोजायचं, वहीत सही करायची. मंडळीच्या नावाचं खातं दोन सह्यांचं ठेवा, स्वतःच्या खात्यात सेवेचे पैसे मागवू नका. परदेशातल्या ओळखीच्या कोणी ‘सेवेसाठी पाठवतो’ म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. २०१० च्या एफसीआरए कायद्याप्रमाणे परदेशी देणगी घ्यायला संस्थेची नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावी लागते. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल देणगी पोचवायला एकटा जात नाही, सोबत माणसं घेतो, कारण व्यवहार माणसांच्या दृष्टीनेही स्वच्छ दिसला पाहिजे असं त्याला वाटतं. तेवढा एक अध्याय सेवकाने दर वर्षी हिशेबाची वही उघडण्याआधी वाचावा. आणि स्वतःसाठी आरोग्य विमा, मुदतीचा जीवन विमा आणि पीपीएफचं खातं. पीपीएफमध्ये वर्षाला कमीत कमी पाचशे रुपये भरले तरी खातं चालू राहतं. या पेशात निवृत्तिवेतन बहुतेकांना नसतं. सेवकाच्या विधवेला मंडळीने महिन्या-दोन महिन्यांत घर रिकामं करायला सांगितल्याचं मी पाहिलंय, आणि ते दृश्य मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

विरोधाबद्दल तुमच्या मनात भीती असेल, आणि ती खोटी नाही. संविधानाचा अनुच्छेद २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क देतो, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. हे दोन्ही सेवकाला ठाऊक असावं. मी स्वतः फक्त बोलावलेल्या घरी सभा घेतो. नव्या गावात गेलो की सरपंचांना आणि पोलीस पाटलांना भेटून नाव, गाव आणि मंडळी सांगतो. दुसऱ्यांच्या देवाबद्दल वाईट शब्द नाही, वस्तू वाटप नाही, कसलं आश्वासन नाही. रात्री दहा ते सकाळी सहा माईक लावायला कायद्याने मनाई आहे, मी नऊलाच बंद करतो. कोणी घोळक्याने येऊन सभा थांबवा म्हणालं तर थांबवायची. बायका-मुलांना आधी घरी पोचवायचं, वाद घालायचा नाही, गरज पडली तर ११२ ला फोन करायचा आणि झालेलं त्याच रात्री तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं. ज्यांनी सभा थांबवली त्यांच्यातला एखादा पुढे आईच्या पेन्शनचा अर्ज घेऊन येतो. तेव्हा अर्ज भरून द्यायचा.

बाप्तिस्म्याची घाई तर अजिबात नको. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात जागा मिळाली, ख्रिस्ती बाहेर राहिले. हे अन्यायाचं आहे असं माझं ठाम मत आहे. पण ते बदलेपर्यंत, बाप्तिस्मा मागणाऱ्या घराला याचा परिणाम मुलांच्या शिक्षणावर आणि नोकरीवर काय होईल हे आधी समजावून सांगणं सेवकाचं कर्तव्य आहे. सगळं समजून, घरच्यांशी बोलून, महिने लोटल्यावरही माणूस मागतो, तेव्हा तो खरा मागतो.

आत्तापर्यंतचं एवढं ध्यानात धरा: दिवसातला थोडा वेळ वचनाला, जास्त वेळ माणसांना, पैसा दुसऱ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि परत यायचा दिवस पक्का. आता तुमच्या घराकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे.

पत्नी तयार नाही याचा अर्थ तिचा विश्वास कमी आहे असा लगेच लावू नका. बहुतेक वेळा तिने हिशेब केलेला असतो आणि तुम्ही केलेला नसतो. ती काय म्हणते ते ऐका. राहायचं कुठे, मुलीची शाळा कोणती, तुम्ही आठवड्यातून किती रात्री घरी असणार, तिची स्वतःची नोकरी सुटणार का, पाळकाची बायको म्हणून तिने रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा-भाकरी करायची ते तिला कोणी विचारलंय का? हे प्रश्न विश्वासाच्या विरुद्ध नाहीत. देव एकाच घरातल्या दोघांना बांधतो, तर पाचारण एकालाच ऐकू येईल आणि दुसऱ्याला फक्त ओझं मिळेल असं मी मानत नाही. तिला अजून ऐकू आलं नसेल तर थांबणं हाही आज्ञाधारकपणाच आहे.

आमच्या घरात एक गोष्ट सुरुवातीलाच ठरली होती. मुक्कामाच्या रात्री कॅलेंडरवर लिहायच्या आणि एकदा लिहिलेलं बदलायचं असेल तर दोघांनी मिळून. सोमवार घरचा. सोमवारी कोणी वारलं तरच बाहेर पडायचं. पहिली काही वर्षं मंडळीतले लोक नाराज झाले. नंतर तेच आपल्या पाहुण्यांना सांगू लागले की सोमवारी साहेबांकडे जाऊ नका. पत्नीने अंगणवाडीतली नोकरी सोडली नाही, आणि तिच्या त्या मानधनाने आम्हाला किती वेळा सावरलं हे आम्हा दोघांनाच माहीत आहे. मुलांवर ‘पाळकाची मुलं’ म्हणून सगळ्यांची नजर असते. त्यांना मंडळीत पुढे बसवून गाणी म्हणायला लावू नका. त्यांना वाटलं तर म्हणतील.

एकटेपणाचंही सांगायला हवं. दिवसभर लोकांचं दुःख ऐकून रात्री परक्या घरी सतरंजीवर पडल्यावर आपलं कोणाला सांगायचं, हा प्रश्न येतो. यजमानाला सांगता येत नाही. फोनवर पत्नीला सगळंच सांगितलं तर तिची झोप जाते, आणि दुसऱ्यांची गुपितं तर तिलाही सांगायची नसतात. म्हणून आपल्यासारखंच काम करणारा, शक्यतो दुसऱ्या तालुक्यातला, एक मित्र आधीपासून जोडून ठेवा. महिन्यातून एकदा भेटा. त्याच्याकडून उपदेश नको असतो, त्याने फक्त ऐकायचं असतं.

तर राजीनामा? आत्ता नको. सुपे-नगर मार्गाने तुमचं गाव पुण्यापासून काही तासांवर आहे. येतं वर्षभर फक्त तीन गावं निवडा, एकमेकांना लागून असलेली. महिन्यातले ठरलेले दोन शनिवार-रविवार तिथे जा. दिवाळीनंतर त्यातली माणसं ज्या कारखान्यावर जातील तिथे एक फेरी करा. सोबत मंडळीतला कोणी जुना सेवक घ्या आणि पहिले सहा महिने बोलायचं काम त्याच्यावर सोपवा, तुम्ही माणसांची नावं पाठ करा. पेट्रोल, जेवण, औषधाला दिलेले पैसे, सगळा खर्च एका वहीत लिहा आणि ती वही दर महिन्याला पत्नीसमोर उघडा. जमेल तेव्हा तिला आणि मुलीला सोबत न्या, पण सभेत काही करायला सांगू नका. नुसतं ओट्यावर बायकांमध्ये बसू द्या.

दरम्यान घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला पडले पाहिजेत आणि विमा उतरलेला पाहिजे. वर्ष संपेल तेव्हा तिला पुन्हा विचारा. ती हो म्हणाली तर मंडळीच्या वडिलांना भेटायला दोघं मिळून जा, आणि पहिली मागणी राहायच्या घराबद्दल लेखी कागदाची करा. ती तरीही नाही म्हणाली तर ती तीन गावं सोडू नका. महिन्यातले दोन शनिवार-रविवार वर्षानुवर्षं न चुकता येणारा माणूस त्या गावांना आजवर फारसा मिळालेला नाही.